शाळा सुटल्यानंतरचा तास

(स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांना माझ्यापेक्षा जवळून ओळखणारी माणसं या सभागृहात बसली आहेत. त्यांचं गुणवर्णन मी करणार नाही. एवढंच सांगतो, की शाळा सुटल्यावर ते वर्गात थांबत, चार-सहा पोरं बाजूला बसवून घेत आणि त्याचा एक पैसा कधी घेत नसत. आपल्याकडे त्याला ‘जादा तास’ म्हणतात. आज मी त्या तासाविषयी बोलणार आहे.

सुरुवात लांबून, जपानपासून करतो. तिथल्या शहरांत रेल्वे स्टेशनबाहेर पडलं की दुकानांच्या वरच्या मजल्यांवर ‘जुकु’च्या पाट्या दिसतात. शाळा सुटली की मुलं थेट तिथं जातात. आई संध्याकाळचा वेगळा डबा भरून देते, आणि त्या डब्यालाही जुकुवरूनच नाव पडलंय. मुलं आपसांत ‘तू कुठल्या जुकुत?’ असं विचारतात, जसं आपल्याकडे ‘तू कुणाकडे लावलाय?’ असं विचारतात. तिथं लोक ढोबळमानानं दोन प्रकार करतात. एक ‘होशू-जुकु’: शाळेत मागे पडलेल्या मुलाला शाळेचाच अभ्यास पुन्हा समजावून देणारा. दुसरा ‘शिंगाकु-जुकु’: शाळेच्या पुढं पळवून नामांकित संस्थांच्या प्रवेशपरीक्षांची तयारी करून घेणारा. पहिला प्रयत्न हुकला म्हणून आणखी एक वर्ष तयारीत घालवणाऱ्या मुलाला तिथं ‘रोनिन’ म्हणतात. हा शब्द मुळात धनी नसलेल्या सामुरायाचा. आपल्याकडे त्याच मुलाला ‘रिपीटर’ म्हणतात आणि त्याच्यासाठी वेगळी बॅच काढतात.

आज जुकु म्हटलं की परीक्षेची शर्यत डोळ्यांपुढं येते. पण दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी जुकु म्हणजे एखाद्या विद्वानानं आपल्या घरी चालवलेली शाळा. ओगाता कोआन या वैद्यानं १८३८ मध्ये ओसाकात ‘तेकिजुकु’ काढली. तिथं डच भाषा आणि पाश्चात्त्य वैद्यक शिकवलं जाई. विद्यार्थी पुष्कळ आणि मोठा डच-जपानी शब्दकोश एकच. तो एका खोलीत ठेवलेला असे आणि वाचनाच्या आदल्या रात्री मुलं तिथं आपापल्या पाळीची वाट बघत बसत. या मुलांपैकीच एक फुकुझावा युकिची. त्यानं १८५८ मध्ये एदोत, म्हणजे आजच्या तोक्योत, स्वतःची शाळा काढली. तीच पुढं केइओ विद्यापीठ झाली. ‘केइओ गिजुकु’ या नावात तो ‘जुकु’ आजही आहे.

याच सुमारास हागी गावात योशिदा शोइन नावाचा तरुण घरातच नजरकैदेत होता आणि एका लहानशा लाकडी घरात शिकवत होता. खालच्या दर्जाच्या घरांतली मुलंही तो जवळ करी. शोइनला १८५९ मध्ये मृत्युदंड झाला. त्याच्याकडे शिकलेला इतो हिरोबुमी पुढं जपानचा पहिला पंतप्रधान झाला.

हा इतिहास सांगण्याचं कारण असं, की त्या जुन्या जुकुत दरबारी शाळांत न मिळणारी विद्या मिळे आणि दरबारी शाळांच्या दाराबाहेर राहिलेल्यांनाही तिथं जागा असे. पुढं सरकारी शाळा सगळ्यांना खुली झाली. मग बाहेरचा वर्ग त्या शाळेतल्या रांगेत पुढं घुसण्यासाठी वापरला जाऊ लागला. १९७० च्या दशकात तिथं जुकुंचं पेव फुटलं. मुलांवरचा ताण कमी करावा म्हणून २००२ मध्ये अभ्यासक्रम सुमारे तीस टक्क्यांनी हलका केला आणि सरकारी शाळांना शनिवारची पूर्ण सुट्टी दिली. ताण कमी झाला का? शाळा कमी शिकवते म्हटल्यावर पालक धास्तावले आणि ज्यांची ऐपत होती त्यांनी मोकळा झालेला वेळ जुकुला दिला.

आता आपल्याकडे येऊ. दिवसभराचं काम संपल्यावर शिकण्याची महाराष्ट्रातली परंपरा जपानच्या जुकुइतकीच मानाची आहे. जोतीरावांनी सावित्रीबाईंना घरी शिकवलं, तेव्हा मुलींना शाळेची दारं जवळजवळ बंदच होती. पुढं शिक्षिका म्हणून तयार होण्यासाठी त्या आपल्या नगरला मिस सिंथिया फरार यांच्याकडे आल्या. हे नगरकरांनी विसरू नये. फुले दांपत्यानं १८५५ मध्ये पुण्यात रात्रशाळा काढली ती दिवसभर राबणाऱ्या शेतकरी-मजुरांसाठी. धोंडो केशव कर्वे मुंबईत शिकत असताना शिकवण्या करून आपला खर्च भागवत. म्हणजे शिकवणीच्या पैशांवर गरीब विद्यार्थी शिकत असे. आणि आपल्या शहरात हिंद सेवा मंडळाचं भाई सथ्था नाईट हायस्कूल आहे. दिवसा दुकानात, गॅरेजमध्ये, हॉटेलात काम करणारी माणसं संध्याकाळी पाटी-पुस्तकाकडे वळतात, ती तिथं. दहावीच्या निकालाच्या दिवशी नव्वद टक्केवाल्यांचे फोटो छापून येतात, ते यावेत. पण दिवसभर हमाली करून पास झालेल्या माणसाच्या पन्नास टक्क्यांचं मोल माझ्या लेखी त्याहून कमी नाही.

शाळा सुटल्यानंतरचं शिक्षण आपल्याकडेही सुरू झालं ते दिवसा शाळेत पाऊल ठेवता येत नव्हतं त्यांच्यासाठी.

जादा तास हा त्याच घराण्यातला. जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथी-सातवीची शिष्यवृत्ती परीक्षा असे, मध्यंतरी ती पाचवी-आठवीला गेली. त्याच्या जोडीला नवोदय आलं. आपल्या जिल्ह्याचं नवोदय विद्यालय पारनेर तालुक्यात टाकळी ढोकेश्वरला आहे. सहावीच्या वर्गात ऐंशी जागा, आणि त्यासाठी सगळ्या तालुक्यांतली पोरं परीक्षेला बसतात. डिसेंबर-जानेवारीत सकाळी आठला गुरुजी शाळा उघडत, बुद्धिमत्ता चाचणीचे पेपर फळ्यावर सोडवून घेत. परीक्षेला तालुक्याच्या गावी न्यायचं तर जीप ठरवायची, डबे बांधून घ्यायचे, पोरांना रांगेत मोजून बसवायचं, हे सगळं त्यांच्याच अंगावर. गावातली एक मुलगी नवोदयला लागली की मारुतीच्या पारावर आठवडाभर तीच चर्चा. आजही असे शिक्षक आहेत, आणि त्यातले काही समोर बसलेले मला दिसताहेत.

मग हा तास गेला कुठं? संध्याकाळी साडेपाचला सावेडीत प्रोफेसर कॉलनी चौकात उभं राहा. सायकली, स्कुट्या, पाठीवर दोन-दोन दप्तरं, एक शाळेचं आणि एक क्लासचं. कुणी वडापाव खात जिना चढतोय. सातला ही बॅच सुटते आणि दुसरी आत जाते. संगमनेर, श्रीरामपूर, कोपरगाव, कुठंही जा, संध्याकाळ अशीच. केंद्र सरकारच्या २०२५ च्या शिक्षणविषयक पाहणीत देशातले सुमारे २७ टक्के विद्यार्थी खासगी शिकवणीला जातात असं आढळलं. शहरात ३०.७ टक्के आणि खेड्यात २५.५ टक्के. शिकवणी म्हणजे शहरी चोचले असं अजूनही मानणाऱ्यांनी हा खेड्याचा आकडा ध्यानात घ्यावा.

हा पैसा येतो कुठून, ते आपण जाणतोच. जिल्ह्याच्या उत्तरेकडे दुधाच्या पगारातून क्लासची फी जाते. नेप्तीच्या बाजारात कांद्याची पट्टी हातात पडली की बाप आधी क्लासच्या हप्त्याचं बघतो. भाव पडला की त्या घरात दोन गोष्टी पुढं ढकलल्या जातात, एक बियाणं आणि दुसरी फी. आणि दोन भावंडांत एकाचाच क्लास लावायचा तर तो मुलाचा लागतो, मुलीला ‘तू हुशार आहेस, तुझं तू करशील’ असं सांगितलं जातं. मुलीच्या हुशारीला दिलेली ही शिक्षा मला फार लागते.

पालकांना दोष देऊन काही साधत नाही. मुलाचा प्रवेश कशावर ठरतो, ते आई-बाप बघतात. बारावीच्या गुणांवर ठरत होता तोवर लातूर पॅटर्नचा बोलबाला होता, आणि लातूरच्या महाविद्यालयांनी सराव परीक्षांवर सराव परीक्षा घेऊन, सुट्टीतही वर्ग चालवून तो नावारूपाला आणला होता. हे काम मुळात महाविद्यालयातच होत होतं, हे विसरायला नको. पुढं प्रवेशपरीक्षा आल्या. २०१६ नंतर वैद्यकीयचा प्रवेश देशभर ‘नीट’वर ठरू लागला आणि बारावी हा नुसता उंबरा उरला. कॉलेजात नाव आणि क्लासमध्ये मुक्काम, हा प्रकार आता कुणाला खटकतही नाही. पाथर्डीचा मुलगा लातूरला, राहुरीची मुलगी संभाजीनगरला खोली घेऊन राहते. केंद्रानं जानेवारी २०२४ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या, की सोळा वर्षांखालच्या मुलांना कोचिंग सेंटरनं प्रवेश देऊ नये. सूचना चांगल्या आहेत. पण सातवी-आठवीच्या ‘फाउंडेशन’ बॅचच्या जाहिराती एसटीच्या पाठीवर अजून मी वाचतो.

बंदीनं हे सुटेल का? दक्षिण कोरियानं १९८० मध्ये खासगी शिकवणीवर बंदी घातली. श्रीमंतांनी चोरून मास्तर ठेवले आणि २००० मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयानं बंदी रद्द केली. आता सोलमध्ये रात्री दहानंतर क्लास बंद ठेवायचा नियम आहे. चीननं २०२१ मध्ये शालेय विषयांच्या शिकवणीतून नफा कमावण्यालाच मनाई केली आणि मोठमोठ्या कंपन्या कोसळल्या, तरी घरोघरी छुपी शिकवणी चालू राहिली. चांगल्या जागा मूठभर आणि रांग मैलभर, तोवर रांगेत पुढं नेणारा कुणीतरी भेटणारच. म्हणून शिंगाकु-जुकुच्या, म्हणजे नीट-जेईईच्या क्लासच्या वाटेला मी आज जास्त जाणार नाही. मला काळजी आहे ती होशू-जुकुच्या प्रकारची. मागं पडलेल्या मुलाजवळ बसण्याचं कामही आपण बाजारात नेऊन ठेवलंय.

ते काम किती बारीक असतं, ते एका उदाहरणानं सांगतो. पाचवीच्या मुलीची वही. गणित आहे ५०२ वजा १६७. तिनं उत्तर लिहिलंय ४६५. वर्गात चाळीस वह्या असतात. गुरुजी लाल फुली मारतात आणि बरोबर उत्तर ३३५ फळ्यावर लिहून देतात. मुलगी ते उतरवून घेते. तिला काय कळलं? काही नाही. शाळा सुटल्यावर तिच्याजवळ बसून विचारा, ‘हे कसं केलंस, सांग बरं.’ ती सांगेल: सातातून दोन गेले पाच, सहातून शून्य गेलं सहा, पाचातून एक गेला चार. दर घरात ती मोठ्या अंकातून लहान अंक वजा करते. वरचा कोणता, खालचा कोणता, हे ती बघतच नाही. तिची वजाबाकी चुकीची आहे, पण तिच्यामागं एक नियम आहे आणि तो ती इमानानं पाळते. तो मोडायचा तर काड्यांचे गठ्ठे काढावे लागतात. पाच शतकांतलं एक सोडून दहा दशक करायचे, त्यातला एक दशक सोडून दहा एकक करायचे, म्हणजे वर चार शतक, नऊ दशक आणि बारा एकक होतात. मधल्या शून्यामुळं दोनदा मोडावं लागतं, इथंच सगळी पोरं अडतात. दोन दिवस, रोज वीस मिनिटं, एवढं पुरतं. ती वीस मिनिटं मिळाली नाहीत तर सहावीत दशांश अपूर्णांक आणि सातवीत बीजगणित तिच्या डोक्यावरून जातं. आठवीत ती म्हणते, माझं गणित कच्चं आहे. नववीत घरचे म्हणतात, मग शिकून काय करायचंय.

आज जगभर पसरलेली कुमोनची पद्धतही अशा जवळ बसण्यातूनच निघाली. कुमोन तोरू हे गणिताचे शिक्षक. १९५४ मध्ये दुसरीतल्या आपल्या मुलासाठी ते रोज हातानं उदाहरणांचे कागद लिहीत, मुलगा जिथं अडला तिथून पुढचा कागद. १९५८ मध्ये त्याची संस्था झाली आणि पुढं व्यवसाय. ज्या मुलाचा बाप गणिताचा शिक्षक नाही, त्याच्यासाठी असा कागद कोण लिहिणार?

या प्रश्नाचं उत्तर आपल्या कायद्यात आहे आणि ते फार थोड्यांनी वाचलंय. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातलं कलम २८ सगळ्यांना पाठ आहे: शिक्षकानं खासगी शिकवणी घ्यायची नाही. त्याच्या आधीचं कलम २४ बघा. प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता पाहून गरजेप्रमाणे जादा शिकवणं, हे त्यात शिक्षकाचं कर्तव्य म्हणून लिहिलंय. गुरुजी जे स्वखुशीनं करत, ते आज मुलाला कायद्यानं मिळायला हवं. आणि कलम २७ म्हणतं, की जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून दुसरी अशैक्षणिक कामं शिक्षकाला देऊ नका. आज शिक्षकाची संध्याकाळ ऑनलाइन माहिती भरण्यात जाते. त्याच्याकडून जादा तासाची अपेक्षा करायची तर तो वेळ आधी त्याला परत द्यावा लागेल.

तासाला वेळ मिळाला तरी मूल तिथं थांबू शकतं का? इथं आपल्या जिल्ह्याचा खरा प्रश्न येतो. खेड्यातल्या मुलींना एसटीचा मोफत पास आहे, आणि तो आपल्या चौंडीत जन्मलेल्या अहिल्याबाईंच्या नावानं आहे. त्या पासानं हजारो मुली हायस्कूलपर्यंत पोचल्या. पण गाडी पाच-सव्वापाचला निघते. त्यानंतरची गाडी अंधार पडल्यावर, मुक्कामाची. आठवी-नववीच्या मुलीला घरचे त्या गाडीनं येऊ देत नाहीत आणि मी त्यांना नावं ठेवणार नाही. म्हणजे शाळा सुटल्यानंतरचा तास कुणाला मिळणार, हे आगाराच्या वेळापत्रकावर ठरतं. गावातच राहणाऱ्याला आणि ज्याच्या बापाकडे मोटारसायकल आहे त्याला तो मिळतो.

आणि जिल्ह्याच्या दक्षिणेकडची, पूर्वेकडची पोरं. प्रवरेच्या आणि गोदावरीच्या कालव्यांनी उत्तर नगरला ऊस दिला, साखर कारखाने दिले, लोणीला विठ्ठलराव विखे पाटलांनी सहकार उभा केला आणि त्यामागून शाळा-महाविद्यालयं आली. पाथर्डी, शेवगाव, जामखेडच्या वाट्याला तो ऊस तोडणं आलं. मुकादमाची उचल घेतलेली असते, दिवाळी झाली की कोयता, म्हणजे तोडणीचं जोडपं, बाहेर पडतो आणि गुढीपाडव्याच्या आसपास परततो. मूल बरोबर गेलं तर फडावर धाकट्या भावंडाला सांभाळतं. मागं राहिलं तर आजीजवळ राहतं. अशा मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची योजना आहे. मूल गावातच राहावं, दोन वेळचं जेवण शाळेत मिळावं, ही तिची मूळ कल्पना. ती मला फार मोलाची वाटते. बघा, संध्याकाळी ही मुलं शाळेत जेवायला जमतातच. इमारत आहे, दिवा आहे, मुलं आहेत, आणि एसटी गाठायची घाई नाही. जेवणाआधीचा तास तिथं रोज होऊ शकतो. हवं फक्त जवळ बसणारं माणूस.

अकोले तालुक्याच्या आदिवासी पट्ट्यात, राजूर-भंडारदऱ्याकडे, आश्रमशाळांत तर मूल रात्रंदिवस असतं. तिथं हा तास नसण्याला कुठलंही कारण पुरेसं नाही.

माणूस मिळत नाही, हे मला पटत नाही. प्रत्येक गावात डीएड-बीएड होऊन भरतीची वाट बघणारी दोन-तीन मुलंमुली आहेत. काही जण स्पर्धापरीक्षांची तयारी करून पुण्याच्या सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमधून चार-पाच वर्षांनी परत आलेत आणि घरात कुणाशी बोलत नाहीत. त्यांना मानधन देऊन या कामावर घ्या. नगर शहरात स्नेहालयानं बालभवनांतून झोपडपट्टीतल्या मुलांचा अभ्यास शाळेबाहेरच्या वेळात घेऊन दाखवलाय. राळेगणसिद्धीच्या शाळेनं दुसरीकडे नापास झालेल्या मुलांना मुद्दाम प्रवेश देण्याचं धोरण ठेवलं. इतर शाळा ज्यांना दार दाखवत, त्यांना या शाळेनं घरात घेतलं. जिल्ह्याच्या पुढाऱ्यांनी राळेगणचे बंधारे जसे बाहेरच्यांना नेऊन दाखवले, तसं हे धोरणही दाखवायला हवं होतं.

मला माहीत आहे, यावर कुणी म्हणेल, गरीब मुलांना तुम्ही फक्त वजाबाकी देताय, नीटची तयारी श्रीमंतांनीच करायची का? रास्त प्रश्न आहे. नवोदयचा जादा तास चालवणारे शिक्षक दोन्ही कामं करत होते आणि तीही फुकट, त्यामुळं हुशार गरीब मुलांसाठी पुढच्या तयारीचे वर्ग जिल्ह्याच्या महाविद्यालयांनी आपल्याच इमारतीत चालवावेत असं मी म्हणेन. पण क्रम लागेल तेव्हा आधी ५०२ वजा १६७. त्या मुलीला ते जमलं नाही, तर नीटच्या रांगेत तिचं नावच येत नाही आणि ती रांगेत नव्हती हे कुणाच्या लक्षातही राहत नाही.

व्याख्यानमालेच्या विश्वस्तांना माझी एक विनंती आहे, ती करून थांबतो. गुरुजींच्या नावानं दरवर्षी गुणवंतांचा सत्कार होतो, तो चालू ठेवा. त्याबरोबर या वर्षी पाथर्डी आणि जामखेड तालुक्यांतली दोन-दोन गावं निवडा. कारखान्यांची धुराडी पेटायच्या आत, म्हणजे ऑक्टोबरपर्यंत, तिथल्या शाळा व्यवस्थापन समित्यांशी बोलून हंगामी वसतिगृहात संध्याकाळचा तास सुरू करा. दर गावी एक शिकवणारी मुलगी किंवा मुलगा, पाच महिन्यांचं मानधन, काड्यांचे गठ्ठे, वह्या आणि पेन्सिली. आणि पंचक्रोशीच्या हायस्कूलसाठी आगारप्रमुखांना सगळ्या मुख्याध्यापकांच्या सह्यांचं एक पत्र द्या, की सव्वापाचची गाडी सव्वासहाला सोडा. पत्राचा मसुदा मी करून आणलाय. तो बाहेर टेबलावर ठेवलाय, मुख्याध्यापकांनी जाताना सही करावी.